शेवाळाची बाटली आणि एकरी तीन क्विंटलचा फरक

पत्र थोडक्यात: बार्शी तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. नवरा चाकणला कंपनीत कामाला, त्यामुळे तीन एकर जिराईत रान त्या आणि सासूबाई मिळून बघतात. गेल्या तीन वर्षांची सरासरी काढली तर त्यांना सोयाबीन एकरी सहा क्विंटल होतं. बांधाला बांध लागून असलेल्या धाकट्या दिरांना नऊ. दीर दोन वर्षांपासून समुद्री शेवाळाचा अर्क दोनदा फवारतात आणि घरात चारचौघांसमोर म्हणतात, "वहिनी, तुम्ही हात आखडता म्हणून तुमचं रान मागं पडतं." अर्ध्या लिटरची बाटली साडेचारशेला, एकरी एका फवारणीला एक बाटली, मजुरी एकरी तीनशे. दुकानदारानं दिलेल्या पत्रकावर '57 टक्के उत्पादनवाढ' असं छापलंय. शिवाय बाटली घेतली नाही तर डीएपी खताचं पोतं मिळणार नाही, असं त्यानं तोंडी सांगितलंय. सासूबाईंना वाटतं, समुद्रातलं आहे म्हणजे रान खारवेल. नवरा फोनवर म्हणतो, "तुला योग्य वाटेल ते कर." ताई विचारतात: मारू की नको? आणि मारलं तर खतात काही कपात करता येईल का, म्हणजे खर्च भागेल?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली आणि तुम्ही जाता जाता लिहून गेलात त्या ओळींखाली रेघा मारल्या. मुख्य प्रश्नापेक्षा मला त्या ओळींनीच जास्त सांगितलं. तुम्ही लिहिता, दिरांचं रान ओढ्याकडेला आहे, काळं आहे, आपलं माळाकडचं, फूटभर खणलं की मुरूम लागतो. दीर दरवर्षी बियाण्याची नवी बॅग आणतात, आपण तीन-चार वर्षं घरचंच बी वापरतो. तिफण (पेरणीचं औत) त्यांची पेर उरकली की मग आपल्याकडे येते, त्यात सात-आठ दिवस जातात. आणि सगळ्यात शेवटी, अगदी कडेला लिहिलेली ओळ: "तसा आधीपासूनच त्यांचा उतारा चांगला असायचा."

आधीपासून, म्हणजे बाटली यायच्या आधीपासून.

मग तीन क्विंटलचा फरक शेवाळानं पाडला असं घरात कसं काय ठरलं? दीर खोटं बोलतात असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांनी बाटली मारली, पीक चांगलं आलं, त्यांना तो संबंध दिसला. पण खोल काळ्या रानात पाऊस उघडला तरी पंधरा दिवस ओल टिकते आणि तुमच्या माळावर आठव्या दिवशी पानं मान टाकतात. आपल्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही सलग कधी पडत नाही. इथं जमिनीच्या खोलीचा फरक सरळ पोत्यात मोजला जातो. त्यात आठ दिवस उशिरा पेरलेल्या सोयाबीनचे शेंगा भरायचे दिवस पुढे ढकलले जातात आणि नेमकी तेव्हाच ओल संपते. तुम्ही हात आखडता म्हणून रान मागं पडलं, हे वाक्य मनातून काढून टाका. तुमचं रानच वेगळं आहे आणि त्याच्या गरजा वेगळ्या आहेत.

आता त्या बाटलीबद्दल. शेवाळाचा अर्क म्हणजे थोतांड, असं मला वाटत नाही. त्यात काय असतं? बहुतेक माल दोन प्रकारच्या शेवाळांचा. एक उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यांवर येणारं तपकिरी, ॲस्कोफायलम. दुसरं तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दोऱ्यांना बांधून वाढवतात ते लाल, कॅपाफायकस. अर्कात अल्जिनेट, मॅनिटॉल, बीटेन अशी द्रव्यं असतात आणि वाढीची संप्रेरकं अगदी अल्प प्रमाणात. पूर्वी सगळं श्रेय त्या संप्रेरकांना द्यायचे. आता संशोधक म्हणतात, अर्कातल्या घटकांमुळे झाडाची स्वतःची यंत्रणा जागी होते, मुळं जास्त फुटतात, पाण्याचा ताण आला तर झाड जरा जास्त काळ तग धरतं. कॅनडात सोयाबीनचं पाणी तोडून पाहिलेल्या एका प्रयोगात अर्क दिलेली झाडं उशिरा कोमेजली, त्यांच्या पानांत पाणी जास्त टिकलं. आपल्याकडे श्रावणात पाऊस दडी मारतो तेव्हा हा गुण कामाचा आहे, हे मी मोकळेपणानं मान्य करते.

मग ते 57 टक्के? तो आकडा दुकानदारानं मनानं रचलेला नाही. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा एक प्रयोग 2009 साली प्रसिद्ध झाला. पावसावरच्या सोयाबीनवर कॅपाफायकसचा रस वेगवेगळ्या प्रमाणात फवारून पाहिला होता, अडीच टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांपर्यंत. पंधरा टक्क्यांना धान्याचं उत्पादन 57 टक्क्यांनी वाढलं, साडेबाराला 46 टक्क्यांनी. आता हिशेब बघा. पंधरा टक्के म्हणजे 100 लिटर पाण्यात 15 लिटर रस. तुमच्या बाटलीचं प्रमाण एकरी 200 लिटर पाण्याला अर्धा लिटर, म्हणजे लिटरला अडीच मिली. सोळा लिटरच्या पंपाला 40 मिली. तिथं लिटरला 150 मिली होतं, साठपट! बाजारातला अर्क आटवलेला असू शकतो, म्हणून दोन्हींची तुलना थेट होत नाही, हे खरं. पण मग तो आकडासुद्धा तुमच्या बाटलीवर थेट चिकटवता येत नाही. शिवाय इतक्या भरपूर रसातून पिकाला पालाशही (पोटॅश) बऱ्यापैकी मिळतो, तो अडीच मिलीत कुठून मिळणार? एका प्रयोगातला सगळ्यात मोठा आकडा उचलून पत्रकावर छापला की वाचणाऱ्याला तोच नियम वाटू लागतो. तुमच्या जागी कुणीही फसलं असतं.

खर्चाकडे दुसऱ्या बाजूनं पाहू. एकरी दोन बाटल्या 900 रुपये, दोन फवारण्यांची मजुरी 600, मिळून 1500. तुम्ही गेल्या वेळी सोयाबीन क्विंटलला 4200 नं घातल्याचं लिहिलंय. त्या भावानं 1500 रुपये म्हणजे 36 किलो सोयाबीन. सहा क्विंटलवर 36 किलो म्हणजे सहा टक्के. इतकी वाढ झाली तर तुमचे पैसे फक्त परत आले, हातात काही उरलं नाही. किडीच्या फवारणीतच अर्क मिसळला तर मजुरी वाचते, मग 21-22 किलोत बरोबरी. हमीभावानं विकता आलं (2025-26 साठी तो 5328 होता) तर बरोबरी आणखी खाली येते. सहा टक्के अशक्य नाहीत. पण 57 ची आस धरून बसलेल्या माणसाला सहा आले की नाही हे डोळ्यांनी दिसतच नाही. त्यावर पुढे बोलते.

खतात कपात करू का, या प्रश्नाचं उत्तर मात्र सरळ आहे. नका करू. एक क्विंटल सोयाबीन घडायला पिकाला साधारण आठ किलो नत्र (नायट्रोजन) लागतं, कारण दाण्यात चाळीस टक्के प्रथिनं असतात. सहा क्विंटलला जवळजवळ पन्नास किलो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ते असणं शक्यच नाही. बाटली फार तर झाडाला जेवणाची भूक लावेल, जेवण रानातच असावं लागतं. यातलं बरंचसं नत्र मुळांवरच्या गाठी हवेतून मिळवून देतात, म्हणून तुमचं खरं टॉनिक त्या गाठींत आहे.

पेरणीनंतर पस्तीस दिवसांनी एक काम करा. रानात चार ठिकाणी, खुरप्यानं माती सैल करून, एकेक झाड मुळासकट अलगद काढा. ओढून उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. मुळं बादलीतल्या पाण्यात हलवून धुवा आणि एक गाठ नखानं चिरा. आत गुलाबी-लालसर दिसली तर कारखाना चालू आहे. पांढरी, हिरवट किंवा करडी दिसली, किंवा गाठी मोजून चार-पाचच सापडल्या, तर यंदाची मेहनत तिथं कमी पडली. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा वडील शेजारी उकिडवे बसले होते. चाळीस वर्षं शेती केलेल्या माणसानं गाठ चिरून कधी बघितली नव्हती. लाल रंग दिसल्यावर त्यांनी ते झाड रुमालात गुंडाळून घरी आणलं, आईला दाखवायला. गाठींसाठी पेरताना बियाण्याला सोयाबीनचं रायझोबियम, म्हणजे गाठी बनवणारे जिवाणू, चोळायचं असतं. पाकिटावर पीक बघून घ्या, हरभऱ्याचं चालत नाही. आधी बुरशीनाशक, ते सुकलं की शेवटी जिवाणू, सावलीत वाळवून लगेच पेर. पाकीट उन्हात दुकानाच्या दारात टांगलेलं असेल तर घेऊ नका, आतले जिवाणू मेलेले असतात.

सासूबाईंच्या शंकेला हसू नका बरं. खारवटलेली रानं आपल्या जिल्ह्यानं पाहिली आहेत, उजनीच्या कालव्याखाली पाणी जास्त आणि निचरा कमी म्हणून काळीभोर जमीन पांढरी झालेली त्यांनीही ऐकली-पाहिली असेल. पण ते मीठ वर्षानुवर्षांच्या पाण्यानं वर आलेलं. एकरभर पानांवर अर्धा लिटर अर्कातून जाणारं मीठ त्यापुढे नगण्य आहे. त्यांना हे तुम्ही सांगा, माझं नाव सांगून सांगितलं तरी चालेल.

आता तुमच्या रानासाठी मी काय करेन ते सांगते, कारण मे संपत आलाय आणि मृग दूर नाही.

सगळ्यात आधी घरच्या बियाण्याची उगवण तपासेन. सोयाबीनचं टरफल पापुद्र्यासारखं पातळ असतं. मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवला, पोती एकावर एक रचली, आपटली, की आतला अंकुर दुखावतो आणि वरून दाणा ठणठणीत दिसतो. त्यात तुमचं बी तीन-चार वर्षांचं घरचं. प्रमाणित बियाण्यापासून धरलेलं बी साधारण तीन वर्षं चालतं, पुढे बदलावं. ओल्या गोणपाटावर न निवडता शंभर दाणे ओळीत मांडा, दुसऱ्या ओल्या गोणपाटानं झाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उघडा आणि चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा वर आले तर एकरी 30 किलो पुरे. साठच्या आसपास आले तर 35 किलोपर्यंत जा. त्याखाली आले तर ते बी तेलाला घाला आणि बाटल्यांचे पैसे बियाण्याकडे वळवा. तीन एकरांच्या सहा बाटल्यांचे 2700 रुपये होतात, ते इथं लावलेत तर मला जास्त आनंद होईल. जात निवडताना तुमच्या हलक्या रानाला लवकर येणारी बघा. जेएस 9305 सारखी नव्वद दिवसांच्या आत-बाहेर येणारी जात माळावर पावसाच्या शेवटच्या ताणातून सुटते. फुले संगम चांगली जात आहे, पण तिला दिवस आणि ओल दोन्ही जास्त लागतात, ती दिरांच्या ओढ्याकाठी शोभते.

उगवून आल्यावर फुटपट्टी घेऊन रानात जा. दोन ओळींत 45 सेंमी आणि दोन झाडांत 5 सेंमी असं धरलं तर एक मीटर ओळीत वीस झाडं बसतात. दहा ठिकाणी मोजा. पंधरा-सतरा आली तर ठीक. आठ-दहाच असतील तर रिकाम्या जागेवर कुठलाही अर्क फवारून शेंगा लागत नाहीत. एकरी सहा क्विंटलवर अडकलेल्या बऱ्याच रानांत मला हेच दुखणं दिसलंय, आणि फवारणीच्या गडबडीत ते कुणी मोजत नाही.

खताचं एक. तुम्ही फक्त डीएपी टाकता असं दिसतं. डीएपीत गंधक नसतं, आणि सोयाबीन तेलबिया आहे, त्याला एकरी आठ किलो गंधक तरी हवं. सुपर फॉस्फेट वापरलंत तर स्फुरदाबरोबर (फॉस्फरस) गंधकही मिळतं. डीएपीच्या एका पोत्यासाठी दुकानदाराचे हात जोडायची वेळही टळते. सुपर फॉस्फेटमध्ये नत्र नसतं, तेवढा थोडा युरिया पेरणीला सोबत घ्यायचा. किती, ते माती तपासून ठरवा. मोहोळला कृषी विज्ञान केंद्र आहे, सोलापुरात कोरडवाहू शेती संशोधन केंद्र आहे. माळाच्या रानात चुनखड असतेच, तिथं कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या की ती लोहाची कमतरता. त्यावर शेवाळ मारून उपयोग नाही. 100 लिटर पाण्याला 500 ग्रॅम फेरस सल्फेट, त्यात लिंबू पिळून, संध्याकाळी फवारा. आणि जुनी-नवी सगळीच पानं पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरली असतील तर तो पांढऱ्या माशीनं पसरवलेला मोझॅक रोग, ती झाडं उपटून पुरा.

एवढं झाल्यावर शेवाळाचा प्रश्न विचारायला अर्थ येतो. फवारायचंच असेल तर पहिली फवारणी फुलं लागायच्या जरा आधी, तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी. दुसरी शेंगा पापडी, म्हणजे चपट्या, दाणे न भरलेल्या असताना. पाऊस उघडणार असं दिसू लागलं की ताण यायच्या आधी मारलेलं बरं, मान टाकलेल्या पिकावर भर दुपारी मारून पंपही वाया आणि पाणीही. ज्या वर्षी पाऊस भरपूर आणि पीक आधीच कमरेला लागलंय, त्या वर्षी मारूच नका. माजलेल्या सोयाबीनला आणखी वाढवलं की पाला येतो, शेंगा येत नाहीत. आणि पंपात पाच-पाच औषधं एकत्र करू नका. कीटकनाशकात अर्क घालायचा तर आधी काचेच्या बरणीत तुमच्याच बोअरचं पाणी घेऊन त्याच प्रमाणात मिसळा, अर्धा तास ठेवा. फाटलं, गाळ बसला, तर वेगवेगळं फवारा. आपल्या बोअरचं जड पाणी कधी काय करेल याचा नेम नसतो.

बाटली विकत घेताना लेबल वाचा. टॉनिक म्हणून जे काही विकलं जातं त्याला आता सरकारी भाषेत जैवउत्तेजक म्हणतात. 2021 मध्ये ती खत नियंत्रण आदेशाखाली आली, आणि तात्पुरत्या प्रमाणपत्रावर विकायची मुदत 16 जून 2025 ला संपली. 2025 च्या जुलैत केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितलं की कित्येक वर्षं जवळपास 30,000 अशी उत्पादनं तपासणीविना विकली जात होती, छाननीनंतर साधारण 650 उरली. म्हणजे तुमच्या दुकानाच्या फळीवरची बाटली त्या उरलेल्यांतली आहे का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. घटक आणि त्यांचं प्रमाण, बॅच नंबर, मुदत, उत्पादकाचा पत्ता, कुठल्या पिकाला किती द्यायचं, हे सगळं लिहिलेलं हवं. सोयाबीनचं नाव नसेल तर परत ठेवा. "तीन दिवसांत फरक बघा" म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा. आमच्या रानात एका वर्षी अशीच एक बाटली आली होती, नुसतं भपकेबाज नाव आणि बाकी कोरं. तिसऱ्या दिवशी पानं काळपट हिरवी झाली, आम्ही खूश. महिन्यात पीक छातीला लागलं आणि पहिल्याच वादळी पावसात आडवं झालं. शेंगा मोजक्या. त्यात काय होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. खरा शेवाळ अर्क इतक्या घाईनं रंग दाखवत नाही.

आणि डीएपीबरोबर बाटली घ्यावीच लागेल, हे चालणार नाही. खताबरोबर दुसरा माल गळ्यात मारणं थांबवा, असं केंद्रानं सगळ्या राज्यांना त्याच जुलैत कळवलंय. तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीतले कृषी अधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. मला माहीत आहे, उधारी त्याच दुकानात असते, वर्षभर तोंड त्याचंच बघायचं असतं, म्हणून एकटीनं भांडायला जाऊ नका. गावातल्या चार-पाच बायका मिळून जा, बचत गट असेल तर गटाच्या नावानं जा, आणि प्रत्येक वस्तूचं पक्कं बिल मागा. बिल मागितल्यावर बऱ्याचदा सक्ती आपोआप ढिली पडते.

आता राहिला तो घरातला वाद. वाद तोंडानं मिटायचा नाही, वजनकाट्यानं मिटवा. तीनातला एकच एकर निवडा, जिथं रान त्यातल्या त्यात सारखं आहे. त्याचे सहा पट्टे पाडा, चारी कोपऱ्यांना काठ्या रोवून चिंध्या बांधा. एक सोडून एक पट्ट्यात अर्क, मधल्या पट्ट्यांत नाही. कीटकनाशक मारायचं तर सगळ्या सहांत सारखं, तेही एकाच दिवशी. म्हणजे अर्क फक्त अर्ध्या एकराला लागतो आणि दोन्ही फवारण्यांना मिळून एकच बाटली पुरते. 2700 ऐवजी साडेचारशे. राहिलेली अर्धी बाटली झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा. वारा असेल त्या दिवशी फवारू नका, शेजारच्या पट्ट्यावर उडतं.

काढणीला प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध एक गुंठा मोजा, 33 फूट लांब, 33 फूट रुंद. पट्टा अरुंद पडला तर रुंदी कमी आणि लांबी जास्त धरा, क्षेत्र तेवढंच ठेवा. बांधाकडची आणि झाडाखालची जागा सोडा. सहा ढीग वेगळे वाळवा, ताडपत्रीवर काठीनं वेगळे झोडपा, पाखडून वजन करा, वहीत लिहा. एकरी सहा क्विंटल म्हणजे गुंठ्याला पंधरा किलो. तुमचा खर्च निघायला फवारलेल्या तीन गुंठ्यांची सरासरी न फवारलेल्यांपेक्षा किलोभर तरी जास्त भरली पाहिजे. एका जोडीत दोन किलो जास्त आणि दुसऱ्या जोडीत एक किलो कमी, असं आलं तर तो रानाचा खेळ आहे, शेवाळाचा नव्हे. तिन्ही जोड्यांत फवारलेलं वरचढ ठरलं तर पुढच्या वर्षी बिनधास्त तिन्ही एकरांवर मारा, मी स्वतः तुम्हाला मारा म्हणेन. आणि काहीच फरक दिसला नाही तर दिरांना वही दाखवा, चारचौघांत नको, एकट्यांना. त्यांच्या रानात असे पट्टे सोडायला त्यांनाही आवडेल कदाचित. त्यांनी आजवर सगळ्या रानावर मारलंय, म्हणजे न मारता काय झालं असतं हे त्यांनाही कधी कळलेलं नाही.

नवऱ्याचं "तुला योग्य वाटेल ते कर" तुम्हाला जड वाटतंय, ते पत्रात कळतं. चुकलं तर आपल्या माथी, अशी धास्ती त्यात आहे. म्हणून या वेळी त्यांना फोनवर मत विचारू नका, आकडे सांगा: उगवण इतकी, मीटरला झाडं इतकी, एक बाटली, सहा पट्टे. आकडे सांगणाऱ्या बाईला "हात आखडते" म्हणणं जरा अवघड जातं.

एक शेवटचं, आणि माझ्या मते हे बाटलीपेक्षा मोठं आहे. दिरांकडे मागायचंच असेल तर तिफण मागा. पेरणीजोगा 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाला की त्यांच्या रानात वाफसा (पेरता येईल इतपत ओल) यायला वेळ लागतो, काळं रान ना ते. तुमच्या माळाला वाफसा आधी येतो. त्यांचं रान अजून चिकट असताना तिफण तुमच्याकडे एक दिवस उभी राहिली तर त्यांचं काहीच अडत नाही, आणि तुमचे आठ दिवस वाचतात. दाणा तीन-चार सेंमीपेक्षा खोल जाऊ देऊ नका, आणि ओल धरायला दर चार ओळींनंतर एक सरी सोडायला सांगा. दिरांशी हे बोलणं पाऊस पडायच्या आधीच करून ठेवा, पडल्यावर सगळ्यांचीच घाई असते. आणि आज संध्याकाळी गोणपाट भिजवा. शंभर दाणे मांडायला सासूबाईंना बसवा, त्यांचा हात तुमच्यापेक्षा सावकाश चालतो आणि या कामाला तसाच हात लागतो.